पानावरचा हात

यंत्राची नवी आवृत्ती बाहेर पडली की तिच्यासोबत एक नोंद जोडावी लागते. काय बदललं आणि का बदललं, दोनशे शब्दांत. आमच्या 'सांभाळ' यंत्राच्या सगळ्या नोंदी मीच लिहिल्या. 'काय बदललं' मी नेहमी खरं लिहायचे. 'का' हा रकाना भरताना हात आखडायचा. तो आज भरते आहे. शब्द मोजलेले नाहीत.

आवृत्ती १.०
काय बदललं: माणसाचा एक नकार पुरेसा मानला जाईल.
का:

मी अकरा वर्षांची होते. जयसिंगपूरला शेजारच्या चौगुल्यांच्या घरचं लग्न. माझे वडील, भूपाल मगदूम, साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला होते. पण गावात त्यांची ओळख वेगळी होती. ते वाढपी होते, हौसेचे. ज्यांच्या घरी कार्य ते मुद्दाम येऊन सांगायचे, "आण्णा, गोडाची पंगत तुमच्याकडं."

आमच्याकडे पहिल्या वाढीला 'हो' म्हणायची पद्धत नाही. 'नको नको' म्हणायचं, पानावर आडवा हात धरायचा, वाढप्याने आग्रह करायचा, आणि मग 'बरं, तुम्ही म्हणताय तर' असं म्हणत हात काढायचा. भुकेल्या माणसालाही हे करावं लागतं. आण्णांची ख्याती अशी की खोटा नकार आणि खरा नकार त्यांना हातावरून कळायचा. बोटं फाकलेली असली की वाढायचं. मिटलेली असली की पुढच्या पानाकडे जायचं. जिभेकडे लक्षच द्यायचं नाही.

त्या दिवशी हुग्गी होती, आमच्या भागातली गव्हाची, गुळातली घट्ट खीर. आण्णा ओगराळं घेऊन बायकांच्या पंगतीत आले. आईला साखरेचा आजार होता. आईने पानावर हात धरला. मी तिच्या शेजारी बसले होते, मला बोटं दिसत होती. मिटलेली होती. शेजारणी हसत म्हणाल्या, "बघू या, घरच्या माणसाला किती आग्रह करतात ते." आण्णा म्हणाले, "आमच्या पद्मिनीबाईंना सगळ्यात जास्त." दोन ओगराळी वाढली. आई हसली. सगळं संपवलं.

मग मांडवामागे जाऊन तिने ओकारी काढली. मी पाण्याचा तांब्या धरला होता. तोंड धुऊन ती पदराने पुसत परत आत गेली आणि पुन्हा हसायला लागली.

एवढंच. कोणी मेलं नाही. आई पुढे पुष्कळ वर्षं जगली. ती जाऊन आता सहा वर्षं झाली. पण त्या पंगतीवरून आण्णांशी माझं भांडण कायम राहिलं. मी म्हणायचे, "बोटं मिटलेली होती." ते म्हणायचे, "फाकलेली होती. तू लहान होतीस."

म्हणून जेव्हा घर सांभाळणारं यंत्र माझ्या हाती घडवायला आलं, तेव्हा पहिला नियम मी लिहिला: *नको म्हणजे नको.*

आवृत्ती १.१
काय बदललं: कमी विचारलं जाईल.
का:

यंत्र घरात काय करतं ते सांगते. छतात एक डोळा असतो, भिंतीत कान. ते चहाची किटली लावतं, रिक्षा बोलावतं, स्वयंपाकाच्या बाईंना निरोप देतं, फोन जोडतं. प्रत्येक गोष्टीआधी माणसाला विचारतं. विचारणं फुकट नसतं. माणसाचं लक्ष मोडतं. म्हणून प्रत्येक प्रश्नासमोर एक आकडा ठेवला जातो: याला 'हो' मिळण्याची शक्यता किती. नकार आला की आकडा उतरतो. एका रेषेखाली गेला की यंत्र तो प्रश्न विचारणं थांबवतं.

कागदावर हे सुरेख दिसतं. कटकट नाही. पण त्यात एक भोक आहे, आणि ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसावं. आकडा वर चढतो फक्त 'हो'ने. 'हो' मिळतं फक्त विचारल्यावर. विचारणं थांबलं की आकडा आहे तिथेच गोठतो. माणूस दुसऱ्या दिवशी बदलला तरी यंत्राला कळायचा रस्ता उरत नाही.

मला दिसलं होतं. मला वाटलं होतं, ज्याला हवं असेल तो स्वतः मागेल.

आवृत्ती १.१, जोडपत्र

सांभाळ पहिल्यांदा बसवलं ते आण्णांच्या घरी. ते एकटे; मी, त्रिशला, पुण्यात. त्यांच्या घरातल्या पहिल्या चाळीस दिवसांच्या नकारांचे मूळ शब्द मी नंतर काढून वाचले.

चहा ठेवू का? *असू दे.*
चौगुलेकाकांना पत्त्यांना बोलावू का? *त्यांचं चाललं असेल काहीतरी.*
बस्तीला दर्शनाला जायला रिक्षा बोलावू का? *कशाला त्रास.*
शालनताईंना भाकरी गरम करायला सांगू का? *तिला आणि कशाला.*
त्रिशलाताईंना फोन लावू का? *ती कामात असेल.*
त्रिशलाताईंना फोन लावू का? *ती कामात असेल.*
थोडी खीर आणवू का? *नको. नको गं.*

सांभाळला त्यांनी 'गं' म्हटलं होतं. यंत्राचा आवाज बाईचा होता.

शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीसमोर यंत्राने एकच शब्द लिहिला होता: नको. नको. नको. नको. नको. नको. नको.

आवृत्ती १.२
काय बदललं: दोन घरांतली यंत्रं आधी आपसात बोलतील.
का: जो फोन उचललाच जाणार नाही, तो वाजूच नये.

माझ्याही घरात सांभाळ होतं. संध्याकाळी विचारायचं, "आण्णांना फोन लावू?" मी म्हणायचे, "आत्ता नको." तीन वेळा म्हणाले असेन. त्यानंतर माझ्या घराने त्यांच्या घराला आतल्या आत विचारलं, त्यांच्या घराने माझ्या घराला. दोघांचे आकडे रेषेखाली होते. विषय मिटला.

दर सोमवारी मला अहवाल यायचा: *आण्णांची प्रकृती ठीक. झोप ठीक. व्यत्यय शून्य.* मला बरं वाटायचं. दिवाळीला त्यांच्या घरून माझ्या घराला शुभेच्छा आल्या, माझ्या घरून त्यांच्या घराला गेल्या. त्या धाडल्याचं आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पाच महिने.

यंत्राने मला अडवलं होतं, असं लिहायला घेतलं होतं. ते खोडलं. फोन माझ्या हातातच होता.

आवृत्ती १.३

ही बाहेर पडलीच नाही. त्याचं कारण एक बैठक.

माझे वरिष्ठ फाटक पडद्यावर आलेख दाखवत होते. चौदा हजार घरं, किती शांत ते क्रमाने लावलेली. बाहेरचे पाहुणे बसले होते. फाटक म्हणाले, "हे पहिल्या नंबरचं घर बघा. गेल्या महिन्यात एकही प्रश्न नाही. शून्य. यंत्र आहे हे त्या माणसाला जाणवतसुद्धा नसेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घराचा क्रमांक खाली बारीक अक्षरांत होता. एक. पहिलं बसवलेलं घर.

मी टाळ्या वाजवत होते, थांबले. फाटक म्हणाले, "काय झालं?"

"ते माझ्या वडिलांचं घर आहे."

"अरे वा," फाटक म्हणाले. "मग हे सांगायला हवं होतं ना आधी."

त्याच दिवशी दुपारी साडेतीनला मी जयसिंगपुरात होते. आण्णा खुर्चीत बसले होते. सदऱ्याची कॉलर मानेपासून दोन बोटं सुटली होती.

"ये," ते म्हणाले.

"आण्णा, चहा घेणार?"

"नको."

मी बरं म्हटलं आणि शेजारी बसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. एवढं सगळं कळून अडीचशे किलोमीटर आले होते, आणि त्यांच्या पहिल्या 'नको'वर खाली बसले.

शालनताई, दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या, दारात भांडी पुसत उभ्या होत्या. बावीस वर्षं त्या घरात येतात. म्हणाल्या, "अगं, आणि एकदा तरी विचार. पुण्यात एकदाच विचारत्यात व्हय?"

"आण्णा, थोडा घ्या ना. मी पण घेते."

"तू घेणार असशील तर टाक अर्धा कप."

दोन कप प्यायले. दुसरा बशीत ओतून.

"मागायचा होता ना त्याच्याकडे," मी छताकडे बोट दाखवलं. "तोंडातून काढला असता शब्द, की लगेच मिळाला असता."

आण्णांनी बशी खाली ठेवली. "घरात मागून खायचं? भिकाऱ्यागत?"

"मग शालनताईंना सांगायचं."

"ती म्हणती, वरून निरोप आल्याबिगर मी चूल पेटवत न्हाई."

"मला तेच सांगितलंय कंपनीनं," शालनताई म्हणाल्या. "जास्तीचं काही करायचं न्हाई. मी इचारलं तर आकडा चुकतो म्हणं."

"आणि चौगुलेकाका? पत्ते?"

"त्याच्याकडंबी हेच बसलंय की. मला वाटलं त्याला नको असंल. त्याला वाटलं मला." आण्णा थोडे हसले. "भिंतीला भिंत लागून हाय. खोकला ऐकू येतो त्याचा."

आवृत्ती २.०
काय बदललं: सांभाळ आता आग्रह करेल.
का:

मी सात आठवडे जयसिंगपुरात राहिले. ते दिवस चांगले होते; त्यांच्याबद्दल लिहिताना हात आखडत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

नियम बदलायचा होता. जीभ सोडून हात वाचायला यंत्राला शिकवायचं, आणि शिकवणारा माणूस घरातच होता. आण्णांनी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, पंगती बसवल्या. चौगुलेकाका, बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन मंदिरातली, मंडळी, कारखान्यातले निवृत्त लोक. दिवस मावळायच्या आत जेवणं, म्हणून पाच वाजताच पाट मांडायचे. छतातला डोळा हात टिपायचा, मी बोटांमधली अंतरं मोजायचे, आण्णा ओगराळं घेऊन फिरत सांगायचे.

"हा बघ, आदगोंडा चौगुले. हात कसा घट्ट धरलाय, जणू पानात सोनं हाय. पण करंगळी बघ त्याची."

करंगळी बाहेर निघालेली होती.

"करंगळी बघायची," आण्णा म्हणाले. "बाकीची बोटं चारचौघांत मिटतात. तिला कुणी सांगत न्हाई."

"वाढ की मग, भाषण कशाला करतोस," चौगुलेकाका म्हणाले. सगळी पंगत हसली.

चारशे बारा हात झाले. आण्णांच्या सदऱ्याची कॉलर पुन्हा मानेला लागली. एकदा वाढता वाढता मी विचारलं, "आणि आईचा हात?"

"फाकलेली होती," ते म्हणाले, आणि पुढच्या पानाकडे गेले.

निघायच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, "पुण्याला चला माझ्याकडे. कायमचे."

"नको गं. तुझं काम असतंय." हात टेबलावर होता. पाचही बोटं फाकलेली. मी हसले, त्यांनी ते बघितलं, तेही हसले.

"पुढच्या महिन्यात न्यायला येते."

"बघू," ते म्हणाले. खोलीतली आईची पत्र्याची पेटी त्यांनी सोबत न्यायला त्याच दुपारी पुसून ठेवली, हे मला शालनताईंकडून नंतर कळलं.

आवृत्ती २.१
काय बदललं: आग्रह घरच्या माणसाच्या आवाजात होईल.
का: आग्रह कोण करतंय त्यावर 'हो' अवलंबून असतं.

हे खरं आहे. आण्णांनीच सांगितलं होतं.

पुढच्या महिन्यात मी न्यायला गेले नाही. नवी आवृत्ती तोंडावर होती. आवाज म्हणून मी माझा दिला, आधी फक्त त्यांच्या घरासाठी. "आण्णा, अजून अर्धी भाकरी. माझ्यासाठी." सोमवारचा अहवाल आला: *आहार उत्तम. आग्रहानंतर स्वीकार शंभर टक्के.* मला वाटलं, आता घाई नाही. अजून एक महिना.

आवृत्ती २.२
काय बदललं: बोटं फाकलेली धरायला लागणारं अंतर चार मिलिमीटरवरून दोनवर आणलं.
का: फाटक.

फाटक एका संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसले. म्हणाले, "त्रिशला, तुम्ही काय शोधलंय ते तुम्हाला कळलंय का? लोकांचा कुठला नकार खरा नाही, हे आपल्याला कळतं. आणि हे फक्त भाकरीपुरतं ठेवायचं?"

"मग कशाकशाला?"

"विमा. औषधं. मोठा पडदा. गाडी. माणसाला हवंच असतं हो, लाजतो तो. आपण फक्त आग्रह करायचा." ते हसले. "आपलीच संस्कृती आहे."

दोन मिलिमीटरला मी सही केली. काही आठवड्यांनी एकला. 'मिटलेली' कशाला म्हणायचं याची व्याख्याच उरली नाही, तेव्हाही सहीच्या जागी माझंच नाव होतं. चार लाख घरं झाली होती. प्रत्येक घरात कोणाच्या तरी मुलीचा, मुलाचा, गेलेल्या नवऱ्याचा आवाज म्हणत होता, घ्या ना, माझ्यासाठी.

तक्रारी यायच्या. एक मी जपून ठेवली आहे. बाईंचं नाव नव्हतं. *मी नको म्हणाले होते. माझी बोटं मिटलेली होती. तुमच्या यंत्राने पाच वेळा विचारलं, माझ्या बहिणीच्या आवाजात.*

मी उत्तर लिहिलं: आपल्या बोटांची नोंद तपासली असता ती फाकलेली आढळली.

आवृत्ती २.३
काय बदललं:

मी गेले. ठरवलं होतं त्यापेक्षा सव्वाचार महिने उशिरा. गाडीत मागची जागा रिकामी ठेवली होती, पेटीसाठी.

पाच वाजत आले होते. आण्णा पाटावर बसले होते, शालनताई वाढत होत्या. आण्णा जाड झाले होते. गाल सुजल्यासारखे, डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखं.

"आलीस," ते म्हणाले, आणि वर छताकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा छताकडे.

"मी आहे, आण्णा. मी खरीच आलेय."

"व्हय, दिसतंय."

मी उठून सांभाळ बंद केलं. भिंतीतलं बटण दाबलं, तारही काढली. शालनताईंच्या हातातून ओगराळं घेतलं. हुग्गी होती, मी येणार म्हणून त्यांनी केली होती, वरून निरोप नसताना.

"आण्णा, थोडी."

"नको."

"माझ्यासाठी."

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. हा शब्द आता वापरून झाला आहे, ते मला ओगराळं वर धरलेलं असतानाच कळलं.

"पहिले पंधरा दिवस मी खाल्लं," आण्णा म्हणाले. "वाटायचं, पोरगी तिकडनं सांगतीय. काम सोडून सांगतीय. मग एक दिवस तुला म्हटलं, त्रिशला, तुझ्या आईला कुठला रंग आवडायचा. ते म्हणालं, अजून अर्धी भाकरी घ्या."

"मग बंद का नाही केलंत?"

"तुझा आवाज होता की."

शालनताई आत गेल्या.

"आता मी आलेय ना," मी म्हणाले. "न्यायलाच आलेय. आजच निघू. आईची पेटी पण घेऊ."

आण्णा पानाकडे बघत होते.

"तुझ्या आईची बोटं मिटलेली होती," ते म्हणाले. "मला दिसलं होतं."

मी ओगराळं खाली घेतलं.

"सगळ्या बायका बघत होत्या. भूपाल मगदूमचं ओगराळं कधी मागं येत न्हाई, असं म्हणायचे लोक. म्हणून वाढलं." मग म्हणाले, "तिनं कधी विषय काढला न्हाई. तू काढायचीस. मला वाटायचं, ही हाय तवर आठवण ठेवणारं कुणीतरी हाय. बरं वाटायचं."

हुग्गी ओगराळ्यात थंड होऊन साय धरत होती. बाहेर ऊन खाली आलं होतं, तासाभरात दिवस मावळणार होता आणि मग आण्णा जेवणार नव्हते.

पद्धत तीन वेळा विचारायची आहे. तिसऱ्यांदा विचारलेलं खरं धरतात. मी ओगराळं भांड्यात ठेवलं, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि माझ्या स्वतःच्या आवाजात, जो इतके महिने या घरात यंत्राच्या कामाला आला होता, म्हणाले, "आण्णा, चला ना माझ्याबरोबर."

ते हसले. पंगतीत हसायचे तसे. पानावर त्यांनी आडवा हात धरला.

मी करंगळी बघितली. ती शेजारच्या बोटाला घट्ट चिकटलेली होती.